बाळंतिणीच्या गोळ्या बंद करायला निघालेल्यांना

"बायकांचं डिप्रेशन हा रिकामपणाचा आजार. आज्जीला दहा पोरं झाली, कधी गोळी लागली नाही. गोळ्यांची सवय लागते, आईचं दूध बिघडतं. 21 दिवस प्राणायाम करा, गोळ्या फेका. परदेशातही सिद्ध झालंय."

रंकाळ्यावर सकाळी योगाला जाणाऱ्या मावशीनं हे घरच्या ग्रुपवर टाकलं आणि बाळंतपणाला आलेल्या माझ्या बहिणीनं गरोदरपणापासूनची डिप्रेशनची गोळी गुपचूप बंद केली. चौथ्या दिवशी मान वळवली की डोक्यात करंट बसल्यागत व्हायला लागलं. शेकायची शेगडी विझत आलेली, डिंकाचा लाडू वाटीत तसाच, आणि ही भिंतीकडं तोंड करून पडलेली.

आधी आज्जीचं बघू. आमच्याच आज्जीला विचारलं. म्हणाली, "माझी थोरली जाऊ पोराला हातात घेईना. बाहेरचं लागलं म्हणून देवऋष्याकडं नेली, लिंबं उतरली." म्हणजे आजार तेव्हाही होता, इलाज देवऋष्याकडं होता! जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांत गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या बायकांत दहापैकी एकीपेक्षा जास्त जणींना नैराश्य येतं. रात्री दर दोन तासांनी बाळाला पाजायला उठणारी बाई रिकामी? हे लिहिणाऱ्यानं एक रात्र तरी पाळणा हलवलाय का?

आता "परदेशात सिद्ध". 2015 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय मासिकात 424 जणांवरचा अभ्यास आला. एका गटाला ध्यानावर आधारलेले मानसोपचार देऊन गोळी हळूहळू कमी केली, दुसऱ्याची गोळी चालू ठेवली. दोन वर्षांत पहिल्यातल्या 44 टक्के आणि दुसऱ्यातल्या 47 टक्के लोकांना नैराश्य परत आलं. म्हणजे जवळपास बरोबरी. ध्यानात दम आहे, हे मला कबूल करावं लागतंय. पण ती माणसं आधीच्या झटक्यातनं सावरलेली होती आणि गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली उतरवत होती. एका रात्रीत फेकली नव्हती.

दुधाचं म्हणाल तर बहिणीची गोळी सर्ट्रालिन. ती दुधात फार थोडी उतरते, म्हणून पाजणाऱ्या आयांना डॉक्टर बहुतेक वेळा तीच देतात. सवयीचं म्हणाल तर दारूसारखी तलफ येत नाही, पण एकदम तोडली की चक्कर आणि ते करंट.

डॉक्टरांना विचारून गोळी परत सुरू झाली. प्राणायामही चालू आहे, त्याला कुणाची ना नाही. मावशीला फोन केला तर म्हणते, "मी नुसतं पुढं पाठवलं गं." म्हटलं, मग आता 14416 पण पाठव. सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, फुकट, रात्री-अपरात्रीही उचलतात, मराठीतनं बोलतात.

अजून पाठवलेलं नाही.