खुलासा: केपलिनची मोजणी नुसत्या पडद्यावरच्या ठिपक्यांवर होत नाही

‘आइसलँडने 2019 साली केपलिनची (थंड समुद्रातला, थव्याने राहणारा छोटा मासा) मासेमारी केवळ सोनारच्या (ध्वनिलहरींनी पाण्याखालचे टिपणारे यंत्र) पडद्यावरचे ठिपके मोजून बंद ठेवली’ असा दावा फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

संशोधन जहाज ठरलेल्या रेषांवरून जाताना खाली ध्वनिलहरी सोडते, बहुधा 38 किलोहर्ट्झच्या, आणि परत आलेल्या प्रतिध्वनीची तीव्रता नोंदवते. थव्यातले मासे सुटे दिसतही नाहीत. म्हणून त्याच ठिकाणी जाळे टाकून जात, लांबी, वय तपासावे लागते; एका माशाचा प्रतिध्वनी किती, हे त्याच्या लांबीवरून काढतात आणि मगच टनांचा अंदाज निघतो. बांगड्याच्या जातकुळीतल्या अटलांटिक मॅकरेलला वाताशय (ध्वनी जोरात परतवणारी, शरीरातली हवेची पिशवी) नसते, त्यामुळे त्याचा प्रतिध्वनी क्षीण येतो. पृष्ठभागालगतचे आणि तळाला चिकटलेले मासेही निसटतात. या मर्यादा शास्त्रज्ञ स्वतःच मांडतात, हे दावा करणारे सोयीस्करपणे वगळतात.

त्या हिवाळ्यात पाहणी एकदा करून थांबले नाहीत, ती पुन्हा पुन्हा केली. तेव्हाचा नियम असा होता: अंडी घालायला किमान 1,50,000 टन केपलिन उरेल याची 95 टक्के खात्री हवी, आणि कॉडसारखे मासे किती केपलिन खातील हेही हिशेबात धरायचे. तेवढा साठा आढळला नाही, म्हणून कोटा दिला गेला नाही.