बारा ताऱ्यांचा हिशोब

रविवारी दुपारी साताऱ्याहून अप्पांचा फोन आला. जेवणखाण, पाऊस, गुडघे असं सगळं आटोपल्यावर घसा खाकरून म्हणाले, "अगं, एक विचारायचं होतं. आपल्या नातवाचं जर्मन नागरिकत्व रद्द झालं म्हणे? आता तिकडे सगळे नुसतेच युरोपियन?"

मी आखेनला राहते. जर्मनीच्या पश्चिम टोकाचं हे गाव बेल्जियम आणि नेदरलँड्स या दोघांनाही खेटून आहे. असलं काही झालं असतं तर निदान शाळेच्या फाटकाशी तरी कानावर आलं असतं. "कुणी सांगितलं?" म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं: "ग्रुपवर आलंय. फार फिरतंय."

पाठवायला सांगितलं. वर मथळा, 'युरोपचा फुगा फुटला!' खाली सहा मुद्दे आणि शेवटी जोडलेले हात. मुद्दे थोडक्यात असे. युरोपियन युनियनच्या झेंड्यावर तारे बारा आणि देश सत्तावीस, म्हणजे पंधरा देश मनाने बाहेरच. ब्रसेल्सने, म्हणजे युनियनच्या मुख्यालयाने, देशोदेशींचं नागरिकत्व मोडीत काढून सगळ्यांना 'युरोपियन' केलं. चोवीस भाषांमुळे युरोपियन ओळख कधी तयारच होऊ शकत नाही. नोटांवरचे पूलसुद्धा खोटे. विद्यार्थ्यांना परदेशी पाठवून दहा लाख 'युरोपियन बाळं' जन्माला घातली. ब्रिटन गेला, आता बाकीचे रांगेत. आणि तात्पर्य: 'एक भाषा, एक ओळख, हाच धडा भारताने घ्यावा.'

लिहिणाऱ्याने स्वतःचा मजकूर एकदा तरी वाचला असेल का, अशी मला शंका आहे. दुसऱ्या मुद्द्यात युरोपियन ओळखीने सगळ्यांना गिळलेलं आहे आणि तिसऱ्यात ती ओळख अस्तित्वातच नाही. बाई वारली आणि बाई जन्मलीच नव्हती, दोन्ही एकाच पत्रात.

ताऱ्यांचं पटकन उरकते. हा झेंडा मुळात युरोपियन युनियनचा नव्हेच. 'कौन्सिल ऑफ युरोप' या वेगळ्या संस्थेने तो १९५५ साली घेतला, आजच्या युनियनच्या पूर्वज संस्थांनी १९८५ साली तो आपलासा केला. बारा हा आकडा पूर्णत्वाचं चिन्ह म्हणून निवडला होता. देशांच्या संख्येशी त्याचा तेव्हाही संबंध नव्हता आणि आजही नाही. अमेरिकेच्या झेंड्यासारखं दर राज्यामागे एक तारा, हे गृहीत धरून कुणीतरी वजाबाकी केली आणि पंधरा देश बाहेर काढले!

आता नागरिकत्व, कारण अप्पांची झोप त्यानेच उडवली होती.

यात थोडा दोष पासपोर्टाचाही आहे. मागच्या खेपेला आम्ही घरी गेलो तेव्हा अप्पांनी नातवाचा पासपोर्ट चष्मा लावून बघितला होता. मरून रंगाचं कव्हर, सगळ्यात वर 'युरोपियन युनियन', त्याखाली जर्मन प्रजासत्ताकाचं नाव, मग गरुड. वरची ओळ त्यांच्या डोक्यात राहिली आणि फॉरवर्ड तिला जाऊन चिकटला.

इथून बसने तासाभरावर नेदरलँड्समधलं मास्ट्रिख्ट आहे. तिथे ७ फेब्रुवारी १९९२ रोजी सह्या झालेल्या कराराने 'संघाचं नागरिकत्व' (संघ म्हणजे युनियनच) ही चीज जन्माला घातली. अप्पा, तुम्हाला आज पडलेला प्रश्न त्याच साली डेन्मार्कच्या लोकांना पडला होता. जूनमध्ये त्यांनी सार्वमत घेतलं आणि थोडक्या मतांनी करार फेटाळला. आमचं डॅनिशपण जाणार का, ही त्यांची एक मोठी धास्ती होती. जाणार नाही, असं लेखी आश्वासन मिळाल्यावर पुढच्या वर्षी ते 'हो' म्हणाले. पुढे १९९७च्या ॲमस्टरडॅम करारात ही गोष्ट मूळ मजकुरातच घातली गेली. आज ती युनियनच्या कामकाजाच्या कराराच्या २०व्या कलमात आहे. अर्थ सरळ आहे: ज्याच्याकडे सदस्य देशाचं नागरिकत्व तो संघाचा नागरिक, आणि हे नागरिकत्व राष्ट्रीय नागरिकत्वाच्या जोडीला असेल, त्याच्या जागी येणार नाही.

म्हणजे ब्रसेल्समध्ये जाऊन कुणाला 'युरोपियन' होता येत नाही. आधी जर्मन व्हा, पोलिश व्हा, माल्टीज व्हा, मग ते आपोआप मिळतं. देशाचं गेलं की हेही गेलं. ब्रिटिशांचं तेच झालं. देशाने युनियन सोडली आणि कोट्यवधी लोकांचं संघाचं नागरिकत्व एका रात्रीत संपलं. जे देशावाचून उभंच राहू शकत नाही ते देशाला कसं मोडीत काढणार?

हे नागरिकत्व नसलं की काय होतं ते मी सांगते, कारण माझ्याकडे नाही. माझा पासपोर्ट भारताचा. अकरा वर्षं या गावात आहे, कर भरते, कचऱ्याचे डबे न चुकता वेगवेगळ्या दिवशी बाहेर ठेवते. महापालिकेच्या निवडणुकीत मला मत नाही. आमच्या वरच्या मजल्यावर नेदरलँड्समधून आलेलं एक जोडपं राहतं. येऊन वर्ष झालं नाही आणि त्यांना मत आहे. कायद्याप्रमाणे ते बरोबरच. पण त्या दिवशी मतपत्रिकेचं पाकीट फक्त त्यांच्या पेटीत दिसलं तेव्हा युरोपियन ओळख म्हणजे काय, ते मला नीट कळलं. ती पोकळ असती तर मला बाहेर राहिल्यासारखं वाटलं नसतं.

भाषेचा मुद्दा मात्र मला सोडवत नाही.

अप्पांनी पस्तीस वर्षं मराठी शिकवलं. पहिलीपासून हिंदीचा निर्णय २०२५ साली आला तेव्हा त्यांनी पेपरच्या कात्रणांचे फोटो काढून काढून ग्रुप भरून टाकला होता, आणि जूनअखेर सरकारने तो मागे घेतला तेव्हा घरात पेढे वाटले. तेच अप्पा 'एक भाषा, एक ओळख' असा शेवट असलेला मजकूर पुढे ढकलतात. मी म्हटलं, शेवटपर्यंत वाचलात का? म्हणाले, शेवट लांब होता.

'आधी एक भाषा, मग एक ओळख' हा क्रम युरोपातल्या राष्ट्रांनासुद्धा लागू पडत नाही. फ्रान्स घ्या, एकभाषी राष्ट्राचा नमुना म्हणून सगळे त्याच्याकडेच बोट दाखवतात. राज्यक्रांतीनंतर १७९४ साली आबे ग्रेग्वार यांनी संसदेपुढे अहवाल ठेवला. त्यांच्या अंदाजाने किमान साठ लाख लोकांना फ्रेंच अजिबात येत नव्हतं, आणि ती शुद्ध बोलणारे जेमतेम तीस लाख. बाकी सगळा देश ब्रेतोन, ऑक्सितान, बास्क, आल्सेसमधली जर्मन बोली यांवर चालला होता. राष्ट्र आधी जाहीर झालं, भाषा नंतर शाळेतून आणि सैन्यातून आली, आणि मुलांना घरची बोली बोलल्याबद्दल शिक्षा करून आली. इटली १८६१ साली एक झाली तेव्हा प्रमाण इटालियन बोलणारे अभ्यासकांच्या अंदाजाप्रमाणे अडीच ते दहा टक्के. स्वित्झर्लंडमध्ये आजही चार भाषा आहेत आणि स्विस माणसाला 'तू नक्की कोण' असं विचारायची कुणाची हिंमत नाही.

आणि लांब कशाला, खिशातली नोट काढा. भारताच्या नोटेवर हिंदी-इंग्रजी सोडून पट्टीत आणखी पंधरा भाषा आहेत, त्यांत मराठीही आहे. त्या पट्टीमुळे रुपयाची किंमत कमी झालेली मी तरी ऐकली नाही.

पण अप्पांपुढे मी वकिलासारखी एकच बाजू मांडणार नाही. भाषा तोडते, हेही खरं आहे. इथून शंभरेक किलोमीटरवर बेल्जियममध्ये लोवेनचं जुनं विद्यापीठ आहे. १९६८ साली डच भाषकांनी 'वालून (म्हणजे तिथले फ्रेंच भाषक) बाहेर जा' म्हणत आंदोलन केलं, बेल्जियमचं सरकार पडलं आणि विद्यापीठाची दोन शकलं झाली. फ्रेंच भाषकांसाठी नवं गावच वसवावं लागलं. ग्रंथालय कसं वाटलं माहीत आहे? शेल्फ क्रमांक विषम असेल तर पुस्तक एकाकडे, सम असेल तर दुसऱ्याकडे. भाऊबंदकीत भांडी वाटतात तसं. युनियनमध्ये हे झालं नाही याचं एक कारण म्हणजे कुणाची भाषा काढून घ्यायची नाही, हे १९५८च्या पहिल्याच नियमात ठरलं. तेव्हा भाषा चार होत्या, आता चोवीस आहेत. माल्टाच्या शेतकऱ्याने ब्रसेल्सला माल्टीजमध्ये पत्र लिहिलं तर उत्तर माल्टीजमध्येच मिळायला हवं, असा त्याचा हक्क आहे. खर्च होतो, भाषांतरं कंटाळवाणी असतात, आणि आतलं रोजचं काम बरंचसं इंग्रजीतच चालतं, तेही इंग्रज निघून गेल्यावर. त्यावर हसायचं तर जरूर हसा.

खरी अडचण वेगळीच आहे आणि फॉरवर्डवाल्याला ती दिसली नाही. बोलायला भाषा नाही, अशातला भाग नाही. एकत्र भांडायला जागा नाही. युरोपियन संसदेची निवडणूक म्हणजे प्रत्यक्षात सत्तावीस निवडणुका. इथे आखेनमध्ये पोस्टरवर जर्मन चेहरे, चार पावलांवर फाल्समध्ये डच चेहरे, आणि दोन्हीकडे वाद आपापल्या सरकारवर. सगळ्यांनी सकाळी उघडावा असा एक पेपर नाही. एकमेकांच्या भानगडी माहीत नसतील तर आपलेपणा यायचा कुठून?

नोटांवरचे पूल खोटे आहेत, हे मात्र मान्य. शंभर टक्के. कोणत्याही देशाचा खरा पूल घेतला तर बाकीचे रुसतील म्हणून ऑस्ट्रियाचे रॉबर्ट कालिना यांनी काल्पनिक पूल, खिडक्या आणि दरवाजे काढले. २००२ साली नोटा हातात आल्या तेव्हाही लोकांनी नाकं मुरडली होती: ही कसली ओळख, जिच्यात एकाही माणसाचा चेहरा नाही! पण गोष्ट तिथे संपत नाही. नेदरलँड्समधल्या स्पायकेनिसे गावाने हे सातही पूल खरोखर बांधले, रंगासकट. लहानसे, एका वसाहतीत, सायकली जातील एवढे. खोटी नोट छापून पैसेवाले झालेले ऐकले होते, नोटेवरचा खोटा पूल खरा करणारे हेच.

दहा लाख बाळांचं काय ते सांगते, कारण अप्पांनी त्यावर आवाज खाली आणून विचारलं. इरॅस्मस ही विद्यार्थ्यांना दुसऱ्या देशात एखादं सत्र शिकायला पाठवणारी योजना, १९८७पासून सुरू. तिथे गेलेल्यांपैकी २७ टक्क्यांना कायमचा जोडीदार त्या मुक्कामात भेटला, असं २०१४च्या एका पाहणीत आलं, आणि त्यावरून युरोपियन आयोगाने दहा लाख बाळांचा अंदाज बांधला. आकडा आयोगाचाच, पण अंदाजाचा, मोजलेला नव्हे. 'जन्माला घातली' म्हणण्यासारखं कारस्थान त्यात नाही. एकवीस वर्षांची पोरं घरापासून लांब असली की जे होतं ते झालं.

ब्रिटनबद्दल चार वाक्यं पुरेत. तो ३१ जानेवारी २०२० रोजी गेला. त्यानंतर कुणीही गेलेलं नाही. उलट फ्रान्समध्ये मरीन ल पेन यांच्या पक्षाने २०१७ची निवडणूक हरल्यावर युरो सोडायची भाषाच सोडून दिली. ४२ टक्क्यांवर घसरलेलं युरोपियन संसदेचं मतदान २०१९ आणि २०२४ या दोन्ही वेळी पन्नाशी पार करून गेलं. रांग कुठे आहे, ती मला दाखवा.

याचा अर्थ सगळं आलबेल आहे असा नाही. पैशांची वेळ आली की हे आपलेपण किती पातळ आहे ते ग्रीसच्या कर्जाच्या वेळी दिसलं. जर्मन पेपर ग्रीकांना आळशी म्हणत होते आणि अथेन्सच्या मोर्च्यांत जर्मन चॅन्सेलरला हिटलरची मिशी काढत होते. मार्च २०२० मध्ये बेल्जियमने सीमा बंद केली तेव्हा इथल्या रानवाटांवर अडथळे उभे राहिले. बार्ले गावात देशांची सीमा एका कपड्यांच्या दुकानाच्या आतून जाते. तिथे दुकानात पट्टी लावून बेल्जियमची बाजू बंद आणि डच बाजू चालू, अशी अवस्था होती. त्याच आठवड्यांत फ्रान्सचे अत्यवस्थ रुग्ण जर्मन इस्पितळांत आणले जात होते, हेही तितकंच खरं. आणि सप्टेंबर २०२४पासून जर्मनीने सगळ्या जमिनी सीमांवर पुन्हा तपासणी सुरू केली. कधी कधी फाल्सहून दूध-भाजी घेऊन परतताना पोलिसांची गाडी उभी दिसते. थांबवतात कुणाला, ते माझ्यासारख्या रंगाच्या माणसाने न सांगितलेलंच बरं.

युनियन 'युरोबॅरोमीटर' नावाची जनमत चाचणी १९७४पासून करते. त्यात एक जुना प्रश्न असतो: तुम्ही स्वतःला फक्त आपल्या देशाचे समजता, देशाचे आणि युरोपियन समजता, आधी युरोपियन आणि मग देशाचे समजता, की फक्त युरोपियन? बहुतेक वर्षी सगळ्यात मोठा गट 'देशाचा आणि युरोपियन' म्हणणाऱ्यांचा. 'फक्त युरोपियन' म्हणणारे शंभरात दोन-चार. त्या दोन-चारांची भीती घालून फॉरवर्ड साताऱ्यापर्यंत पोचतो.

जवळच हेर्त्सोगेनराट गावात एक रस्ता आहे. एका बाजूची घरं जर्मनीत, दुसऱ्या बाजूची नेदरलँड्समधल्या केर्कराडेत. रस्त्याच्या मधोमध गुडघ्यापेक्षाही बुटकी भिंत असायची, ती १९९०च्या दशकात काढली. समोरच्या घरी फोन लावायचा तर अजूनही देशाचा कोड बदलावा लागतो. नाव मात्र दोन्ही भाषांत एकच: नवा रस्ता. पुढच्या खेपेला अप्पांना तिथे उभं करणार आहे, एक पाय इकडे आणि एक तिकडे.

हे सगळं सांगून झाल्यावर अप्पा म्हणाले, "बरं, ते राहू दे. त्यालाच विचार ना, तो स्वतःला काय समजतो."

पोरगं गालिच्यावर लेगोत गुंतलं होतं. विचारलं. मान वर न करता म्हणालं, "ओशर." आखेनची माणसं स्वतःला इथल्या बोलीत तेच म्हणवतात.

"काय म्हणाला?" अप्पांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "ओसरी? आपल्या वाड्याची आठवण येते वाटतं त्याला!"

मी 'हो' म्हटलं.