आयलीन चांग अमेरिकेने शोधली?

"चीनमधले समीक्षक म्हणजे पक्षाचे भाट. आधुनिक चिनी साहित्याची खरी पारख अमेरिकन विद्यापीठांनी केली. आयलीन चांगसारखी लेखिका सी. टी. शिया यांनी १९६१ मध्ये शोधून काढली, तोवर चिनी समीक्षेला तिचा पत्ताच नव्हता." हा मजकूर सध्या जिकडेतिकडे फिरतोय. चांगले वाचणारे लोकही तो पुढे पाठवतात, म्हणून उत्तर देणं भाग आहे. (शिया हे अमेरिकेत शिकवलेले समीक्षक, आणि १९६१ म्हणजे त्यांच्या आधुनिक चिनी कथा-कादंबरीच्या इतिहासाचं वर्ष.)

आधी हे 'शोधून काढणं' पाहू. १९४४ सालचं शांघाय, शहर जपान्यांच्या ताब्यात. चांग तेव्हा तेवीस वर्षांची आणि वाचकांच्या गळ्यातला ताईत. त्या वर्षी 'वानश्यांग' मासिकात टोपणनावाने तिच्या कथांवर एक मोठा लेख आला. लिहिणारे होते फू लेई, बाल्झाक आणि रोमाँ रोलाँ या फ्रेंच लेखकांचे चिनी अनुवादक. 'सोन्याचा खोडा' या तिच्या दीर्घकथेचं त्यांनी तोंडभरून कौतुक केलं, पण त्याच मासिकात क्रमशः चालू असलेल्या तिच्या कादंबरीची पार सालटी काढली. ती कादंबरी अर्धवटच बंद पडली. चांगही गप्प बसली नाही. तिने निबंध लिहून बजावलं की तिची माणसं वीर नाहीत, पण या काळाचं ओझं अशीच तडजोड करत जगणारी माणसं वाहतात. लेखिका आणि समीक्षक यांच्यातला इतका जिवंत वाद शियांच्या पुस्तकाआधी सतरा वर्षं घडून गेला होता!

शियांचं मोठेपण मी नाकारत नाही. आधुनिक चिनी साहित्याचे जनक मानले जाणारे लू शून यांच्यापेक्षा चांगला जास्त पानं देणं हे धाडसच होतं. पण शियांचा जन्म शांघायचा, आणि चांगवरचं त्यांचं लेखन आधी चिनी भाषेत, १९५७ मध्ये तैपेईत, त्यांच्या थोरल्या भावाच्या मासिकात आलं. याला अमेरिकेचा शोध कसं म्हणायचं?

'भाट' हा शब्द मला सगळ्यात जास्त खुपतो. माओच्या काळात समीक्षेची गळचेपी झाली, हे खरंच. पण गळा कोणाचा दाबला गेला? समीक्षक हू फेंग यांनी १९५४ मध्ये पक्षाच्या साहित्यधोरणावर सुमारे तीन लाख अक्षरांचं निवेदन थेट केंद्रीय समितीला दिलं. पुढच्याच वर्षी अटक झाली आणि वीसहून अधिक वर्षं बंदिवासात गेली. फू लेईंना 'उजवे', म्हणजे पक्षविरोधी, ठरवण्यात आलं. १९६६ मध्ये सांस्कृतिक क्रांतीतल्या छळानंतर त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने आत्महत्या केली. भाटांच्या वाट्याला हे येत नाही.

आणि माओनंतर? १९८५ मध्ये बीजिंगमध्ये चेन पिंगयुआन, च्येन लीचुन आणि ह्वांग त्झपिंग या तीन अभ्यासकांनी राजकीय कालखंडांची कुंपणं काढून विसाव्या शतकाचं साहित्य सलग वाचायची मांडणी केली. १९८८ मध्ये शांघायच्या एका नियतकालिकाने 'साहित्याचा इतिहास नव्याने लिहू' असं सदरच चालवलं. तेव्हा बीजिंगच्या फिल्म अकादमीत शिकवणाऱ्या दाय चिनह्वा यांनी मेंग यूए यांच्यासोबत लेखिकांवर ग्रंथ लिहिला. तो १९८९ मध्ये हेनानमध्ये छापला गेला, आणि त्यात चांगवर स्वतंत्र प्रकरण आहे.