चपलेला चिखल न लागू देता मूल्यमापन कसं करावं

जलसंधारणाच्या योजनेचं मूल्यमापन तुमच्या गळ्यात पडलं, तर आधी महिना नीट निवडा. ऑगस्ट सर्वांत उत्तम. नाला वाहत असतो, विहीर तुडुंब असते, फोटो हिरवेगार येतात. परवा आमच्या शिवारात आलेल्या साहेबांनी हे पथ्य कसोशीनं पाळलं.

पाणी मोजू नका, कामं मोजा. बंधारा कुठं पळून जात नाही.

शेजारच्या, योजना न झालेल्या गावाच्या रस्त्यालाही जाऊ नका.

पाऊस झाला तर श्रेय योजनेला, नाही झाला तर दोष पावसाला.

प्रश्न सुटसुटीत ठेवा: ‘पाणीपातळी वाढली का? हो / नाही.’ मी विचारलं, साहेब, कधीची? आत्ताची की मार्चची? विहिरीत दोरी सोडून किती परस (पुरुषभर खोलीचं माप) पाणी आहे ते मी वहीत लिहून ठेवतो, ती वही पुढं केली. साहेब म्हणाले, “वहीला रकाना नाही.” ‘हो’वर टिक केली, पुढचे रकाने कोरेच ठेवून माझी सही घेतली. नाल्यापलीकडं दोन नवी बोअर पडली, त्यावर ऊस उभा राहिला, अडवलेलं पाणी तिकडं गेलं. ते कुणी विचारलं? बंधाऱ्यात गाळ किती? तेही नाही. साठ्याचा टीसीएम (हजार घनमीटरचा आकडा) मात्र कागदावर दशांशासकट!

राज्याच्या जलयुक्त शिवार योजनेचं हेच झालं. 2019 पर्यंत महाराष्ट्र दुष्काळमुक्त होणार होता, 9,633 कोटी खर्च झाले. मग सरकारी खर्च तपासणाऱ्या कॅगनं 120 गावं तपासली, तर 83 गावांत पिण्याला आणि शेतीला पुरेल एवढा साठाच नव्हता.

अहो, माहिती नाही असं तरी सांगू नका. ई-पीक पाहणी 2021 पासून आम्हीच भरतोय, कोणत्या गटात काय पेरलं ते तुमच्याच सर्व्हरवर पडलंय. भूजल खात्याकडं निरीक्षण विहिरींच्या नोंदी आहेत. जलयुक्तचा दुसरा टप्पा 2023 ला आला. त्याआधीची दोन वर्षं आणि नंतरची लावा शेजारीशेजारी, सोबत योजना नसलेली गावं घ्या, पर्जन्यमापकाचा आकडा ठेवा. यात न जमण्यासारखं काय आहे? जमत नाही असं नाही, आकडा नको तसा निघेल याची भीती आहे. ती भीती तुमची तुम्ही सांभाळा. कोऱ्या रकान्यांखाली शेतकऱ्याच्या सह्या घेणं मात्र बंद करा.