चार उदाहरणं दिली म्हणून रेजेक्स बरोबर येत नाही

सांगलीतल्या आमच्या कॉम्प्युटरवाल्यांच्या ग्रुपवर एक पोस्ट फिरतीय, जो तो पुढं ढकलतोय. म्हणणं असं की रेजेक्स (म्हणजे मजकूर ठरावीक साच्यात बसतो का हे तपासायला लिहितात तो पॅटर्न) हातानं लिहायची गरजच उरली नाही, चार उदाहरणं टाका, मशीन पॅटर्न काढून देतं, तो चुकत नाही, शिकायची कटकट संपली. मशीनकडून पॅटर्न घ्यायला माझा विरोध नाही, मी पण घेतो. पण नवीन पोरं हे वाचून रेजेक्स शिकायचंच सोडायला लागलीत.

आधी ते चार उदाहरणांचं बघू. मार्केट यार्डाच्या गेटवर गाड्यांचे नंबर नोंदवायचेत असं धरा, उदाहरणं दिली सगळी एमएच १० नाहीतर एमएच ११ ची. आता मशीननं काय समजायचं, १० आणि ११ एवढंच चालतं, की १ च्या पुढं कुठलाही आकडा, की कुठलीही दोन अक्षरं आणि दोन आकडे? तिन्ही पॅटर्न चारही उदाहरणांना बसतात! पहिल्या दोन्हीत कराडची एमएच ५० अडकली. तिसऱ्यात कर्नाटकातनं हळद घेऊन आलेली केए २३ आत गेली, पण बँकेच्या साहेबांची बीएच सिरीजची कार बाहेरच, कारण तिथं आधी वर्षाचे आकडे येतात, मग बीएच. यातलं काय पाहिजे हे उदाहरणांत नसतंच, ते गेटवरच्या माणसाला माहीत असतं.

मशीन हुशार झालं तरी हे सुटत नाही. गोल्ड नावाच्या संशोधकानं १९६७ सालीच सिद्ध केलंय की नुसती 'हे चालतं' अशी उदाहरणं कितीही दिली तरी त्यावरनं सगळ्या रेग्युलर भाषा (म्हणजे रेजेक्सनं मांडता येतात असे मजकुरांचे गट) ओळखणारी पद्धत असू शकत नाही. 'हे चालत नाही' हे पण सांगावं लागतं.

'चुकत नाही' म्हणाल तर, जुळणारा पॅटर्न पण घात करतो. रिपीटच्या आत रिपीट (म्हणजे 'हे कितीही वेळा येऊ दे' याच्या आत परत तेच) असला आणि मजकूर शेवटाला जुळला नाही की बॅकट्रॅकिंगवालं इंजिन, म्हणजे जुळलं नाही की मागं येऊन दुसरी वाट धरणारं, सगळ्या वाटा चाचपत बसतं. २ जुलै २०१९ ला क्लाउडफ्लेअर या वेबसाईटना संरक्षण देणाऱ्या कंपनीच्या फायरवॉलमधल्या एका रेजेक्सनं सीपीयू १०० टक्क्यांवर नेले आणि जगभरच्या साईट बंद पडल्या. तो माणसानंच लिहिलेला, मान्य, पण माणसांच्याच कोडवर शिकलेलं मशीन तसलाच पॅटर्न देऊ शकतं, आणि तो ओळखायला वाचता तर आला पाहिजे.

राहिलं शिकायचं. कॉम्प्युटर संशोधक डॅना अँग्लुइन यांची उदाहरणांवरनं शिकायची १९८७ ची पद्धत बघा, त्यात मशीन अंदाज करतं, विचारतं, आणि चुकलं तर शिक्षक उलटं उदाहरण देतो. तो शिक्षक म्हणजे तुम्हीच की. म्हणून पॅटर्न हातात आला की गेटच्या जुन्या वहीतले नंबर त्यातनं काढा, जे अडकले ते बघा, आणि जे आत यायला नको होते ते तर आधी बघा.