'एक निवृत्त अधिकारी' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

साहेब,

तुम्ही नाव दिलेलं नाही, 'एक निवृत्त अधिकारी' एवढंच लिहिलं आहे, म्हणून साहेब म्हणते.

केंद्र सरकारनं कुठलाही नियम करण्याआधी त्याचा मसुदा लोकांपुढे ठेवलाच पाहिजे आणि आलेल्या हरकतींना उत्तर दिलंच पाहिजे, ही सक्ती कायद्यानं व्हावी, असं मी मागच्या लेखात म्हटलं होतं. तुमचं म्हणणं असं की यानं कारभार खोळंबेल, आणि सुधारणाच करायची तर नियमाचा खर्च-फायदा आधी मोजा, ईमेलचे ढीग मोजून काय उपयोग. त्यानंतर तुमचं हे वाक्य: "ज्यांना राजपत्र वाचता येत नाही त्यांच्या हरकती रद्दीच्या भावाच्या, बाईंनी भावनेच्या भरात लिहिलं आहे."

एक चूक मान्य करते. रिझर्व्ह बँकेनं मे २०२५ मध्ये स्वतःचे विनियम करण्याची जी पद्धत जाहीर केली, तिच्यात लोकांना किमान २१ दिवस दिले आहेत. मी ३० लिहिले होते. लेखात दुरुस्ती केली आहे. आभार.

आता 'बाईंनी भावनेच्या भरात' याबद्दल. त्या लेखात कायदा किंवा नियम करण्याआधी लोकांचं मत घेण्याचं केंद्राचं २०१४ चं धोरण होतं, नियमाचा मसुदा आधी प्रसिद्ध करण्याची पद्धत सांगणारं १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाचं कलम २३ होतं, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल होता. यात भावना कुठे दिसली? हाच मजकूर एखाद्या पुरुषाच्या नावानं आला असता तर तुम्ही त्याला 'बुवांनी भावनेच्या भरात' असं लिहिलं असतं का? मतभेद असू द्या, पण ही भाषा मला लागली, आणि लागली हे मी लपवणार नाही.

आणि रद्दी? माझे वडील ग्रामपंचायतीत शिपाई होते. तालुक्याहून आलेली नोटीस फळ्यावर डकवणं हे त्यांचं काम. आई भाताच्या पेजेची खळ करून द्यायची, ती डब्यात घेऊन मी त्यांच्यामागून जायचे. पावसाळ्यात कागद कडेनं सुटायचा, मग ते तळहातानं दाबून धरायचे आणि तसंच उभं राहून मोठ्यानं वाचायचे, कारण ऐकायला जमलेल्यांपैकी निम्म्यांना वाचता येत नसे. वाचून झालं की लोक प्रश्न विचारायचे. ते प्रश्न मी ऐकले आहेत, साहेब. तुम्ही फळ्याच्या पलीकडच्या बाजूला होतात, मी अलीकडे.

२०२० चं घ्या. मार्च महिन्यात पर्यावरण मंत्रालयानं पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या, म्हणजे प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल हे आधी तपासण्याच्या, नव्या अधिसूचनेचा मसुदा काढला, तोही टाळेबंदीच्या तोंडावर आणि फक्त इंग्रजी-हिंदीत. मी पडवीत बसून त्यातला जनसुनावणीचा भाग मराठीत केला आणि वडिलांनी तो शेजारपाजारच्यांना वाचून दाखवला. जनसुनावणीसाठी लोकांना मिळणारी किमान मुदत ३० दिवसांवरून २० वर आणायचा प्रस्ताव होता. ते ऐकून सत्तरीच्या एक काकू म्हणाल्या, "अगो, तालुक्याची नोटीस इथं येईपर्यंत लावणी उरकते. मग आम्ही बोलायचं कधी?" त्यांना सही करता येत नाही, अंगठा उठवतात. दहा दिवस कमी झाल्यानं नेमकं कोणाचं तोंड बंद होतं, हे त्यांनी एका वाक्यात सांगितलं. मसुदा लिहिणाऱ्याला हे ठाऊक असतं तर २० चा आकडा आलाच नसता. या हरकतीला तुम्ही रद्दी म्हणता? मला राग आला आहे आणि तो योग्य आहे असं मला वाटतं.

हे फक्त माझं म्हणणं नाही. ३० जून २०२० रोजी दिल्ली उच्च न्यायालयानं त्याच मसुद्यावरच्या हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली आणि राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या (मराठीसह) भाषांत त्याचं भाषांतर करायला सांगितलं. राजपत्र वाचता न येणाऱ्यांच्या मताला किंमत नसती तर न्यायालयानं हा खटाटोप कशाला सांगितला असता?

वर म्हटलेलं २०१४ चं पूर्वविचारविनिमय धोरण तुम्ही 'पुरेसं आहे' म्हणून एका ओळीत संपवलंत. त्यात किमान ३० दिवस आहेत, सोप्या भाषेतली टिपणी आहे, आलेल्या सूचनांचा सारांश संकेतस्थळावर टाकण्याची अपेक्षाही आहे. पण ते धोरण आहे, कायदा नाही; पाळलं नाही म्हणून कोणाला जाब विचारता येत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण विधेयकाचा मसुदा आला, तेव्हा आलेल्या सूचना जाहीर केल्या जाणार नाहीत, असं सूचना मागवतानाच सांगितलं होतं. शेजाऱ्यानं काय हरकत घेतली हे मला दिसणारच नसेल, तर सरकारनं ती विचारात घेतली की नाही हे मी कशावरून ठरवू? मे २०१६ मध्ये कॉल ड्रॉपच्या, म्हणजे मध्येच तुटणाऱ्या फोनच्या, भरपाईचा ट्राय या दूरसंचार नियामकाचा विनियम रद्द करताना सर्वोच्च न्यायालयानं संसदेला सुचवलं होतं की नियम करण्याआधी लोकांचं मत घ्यायला लावणाऱ्या अमेरिकेतल्या १९४६ च्या कायद्यासारखा कायदा करण्याचा विचार व्हावा. माझी मागणी त्याहून तसूभरही जास्त नाही.

कारभार खोळंबतो हा मुद्दा जुना आहे, त्याला इथं जागा देत नाही. खर्च-फायद्याचं म्हणणं ठीक आहे, त्यावर कधीतरी वेगळं लिहीन.

पुढची प्रतिक्रिया जरूर द्या, प्रसिद्ध करीन. मात्र तिच्यात 'बाईंनी' आणि 'रद्दी' असेल तर करणार नाही. आणि २०२० च्या त्या मसुद्याचं माझं मराठी भाषांतर वडिलांच्या फायलीत अजून आहे, हवं असेल तर सांगा, पाठवते.