काकांची फाइल

आज काकांचा टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) होता. साडेनऊला पोचलो आणि दीडला न करताच परत आलो. रेफरलची, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या (ईसीएचएस) पॉलिक्लिनिकने खाजगी रुग्णालयात पाठवताना दिलेल्या चिठ्ठीची, तारीख परवा संपली होती, एवढंच कारण. काउंटरवरच्या मुलाने स्क्रीनवरून नजरही न काढता सांगितलं, “अंकल, डेट निकल गई, पॉलिक्लिनिक से नया लाओ.” आणि नंबर पुकारल्याबरोबर टाचा जुळवून ताठ उभे राहिलेले माझे सत्त्याहत्तर वर्षांचे काका म्हणाले, “ठीक है बेटा.”

ठीक काय आहे? चार तास बसवून ठेवल्यावर सांगायची गोष्ट आहे का ही?

रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. काकांनीच मना केलंय.

काका आर्मी मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट होते. एकाहत्तरला बंगालच्या सीमेवर. लढाई डिसेंबरात झाली, पण त्याच्या कितीतरी आधीपासून ते माणसं मरताना बघत होते, कारण निर्वासितांच्या छावण्यांत कॉलरा घुसला होता. बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांच्याकडचं सलाइन संपत आलं, तेव्हा त्यांनी ग्लुकोज, मीठ आणि खायचा सोडा पाण्यात कालवून ड्रम भरून ठेवले. पाजायचं काम रोग्यांच्या आयांना, भावंडांना दिलं. शंभरात तीसच्या आसपास माणसं दगावत होती, ती चारच्याही खाली आली. आज मेडिकलच्या दुकानात जे ओआरएसचं पाकीट मिळतं ना, ते असं आपल्या युद्धाच्या कडेला, चिखलात तावूनसुलाखून निघालंय. महालनोबिसांना पद्मविभूषण मिळालं २०२३ मध्ये. ते गेल्यावर.

काका बनगावला नव्हते. पण ते पाणी त्यांच्या हाताला कायमचं चिकटलं. इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या वाड्यात कुणाच्या पोराला जुलाब लागले की काका पातेलं घेऊन हजर. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. आम्ही सगळी भावंडं ते पिऊन वाढलो. आजही, त्या काउंटरसमोर वाट बघताना, शेजारच्या बाईच्या कडेवरचं बाळ मलूल दिसलं तर काकांनी तिला डॉक्टरांकडे पुढे पाठवलं आणि मागून सांगितलं, “थोडा-थोडा पिलाना, उलटी हो तो दस मिनट रुक के फिर.”

हा माणूस “डेट निकल गई” ऐकून घरी आला.

मला राग येतो तो ह्याचा, की ह्या देशात सार्वजनिक आरोग्याचा विचारच मुळी सैनिक मरायला लागले म्हणून सुरू झाला. १८५७ नंतर इंग्रजांनी आयोग नेमला. १८६३ च्या अहवालात आकडा आला, हजार गोऱ्या सैनिकांमागे वर्षाला ६९ मृत्यू, आणि त्यातले बहुतेक ताप, हगवण, कॉलऱ्याने. फ्लॉरेन्स नाइटिंगेल भारतात एकदाही न येता त्या आकड्यांमागे हात धुऊन लागली. मग छावण्यांना गटारं, चांगलं पाणी, मोकळी हवा. छावणीच्या भिंतीबाहेरच्या वस्त्यांचं काय, ते विचारूच नका. आपलं इंदूरशेजारचं महू १८१८ पासून छावणी आहे, तिथल्या बंगल्यांच्या आवारात पाऊल टाकलं की हा फरक अजून दिसतो.

आणि इंदूरकरांनो, आपल्याकडचं तर सोन्यासारखं उदाहरण आहे. १९१७ साली, तिकडे महायुद्ध चालू आणि इकडे शहरात प्लेग, तेव्हा होळकर दरबाराने बोलावलेल्या पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराने दिवाळीत मिरवणूक काढली. अट अशी, की जे रस्ते सगळ्यांत स्वच्छ, तिथूनच मिरवणूक जाणार. लोक झाडू घेऊन तुटून पडले. प्लेगचा भलामोठा उंदीर केला आणि शेवटी जाळला. सफाई कामगारांना त्या मिरवणुकीत मानाने चालवलं होतं. मान! आपलं शहर आज स्वच्छतेचे झेंडे मिरवतं, मिरवावेतच, पण ज्यांनी घाण उपसली, जखमा बांधल्या, त्यांना मानाने चालवायची जी रीत ह्याच रस्त्यांवर होती, ती कुठे गेली?

हो, मान्य आहे, २००३ च्या एप्रिलपासून ईसीएचएस आहे म्हणून लाखोंची बिलं घरच्यांवर पडत नाहीत. वहिनीने कमेंट करण्याआधीच लिहून टाकते. तो काउंटरवरचा मुलगाही दिवसभर शिव्याच खात असेल, हेही मान्य. पण तारीख संपलीय हे साडेनऊला सांगता येत नव्हतं?

घरी आल्यावर मी रडले. काका शांत. चहा घेतला, फाइल उघडली आणि सगळे कागद तारखेप्रमाणे परत लावले. प्रत्येकाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक अक्षरात तारीख. मला म्हणाले, “अगं, चूक माझीच. हा कागद मागे राहिला.”

पन्नास वर्षांपूर्वी वॉर्डमध्ये रोग्यांचे तक्ते असेच लावत असणार.

ज्यांच्या घरी निवृत्त फौजी आहेत त्यांनी कृपा करून आजच रेफरलची शेवटची तारीख बघून घ्या, आणि खाजगी रुग्णालयात गेल्यावर काउंटरला पहिल्यांदा तेच विचारा. आम्ही उद्या आठला पॉलिक्लिनिकला निघतोय. तिथून वेळ उरला तर परत त्याच काउंटरवर, आणि ह्या वेळी पुढे मी उभी राहणार आहे.